बुलेट जर्नल: आठवड्याच्या नियोजनासाठी कोणती मांडणी? (ए५, डॉट ग्रिड, १६० पानं)

रविवारची_वही

नमस्कार मंडळी. बुलेट जर्नलमध्ये (छोट्या नोंदी आणि खुणांनी कामं लिहायची वही) आठवड्याचं स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांची मांडणी, कसं मांडावं याबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

वही ए५ मापाची, ५ मिमी डॉट ग्रिड (रेघांऐवजी दर ५ मिमीवर ठिपके), १६० पानी. मोजून पाहिलं तर एका पानावर आडवे २८ आणि उभे ४० चौकोन मिळतात. सध्याची मांडणी आडवी आहे, म्हणजे डाव्या पानावर सोमवार ते रविवार सात चौकटी आणि उजवं पान मोकळं. अडचणी तीन. सोमवारची चौकट दुपारपर्यंत भरून वाहते आणि गुरुवार-शुक्रवार कोरे राहतात. जे झालं नाही ते रोज पुढच्या चौकटीत पुन्हा लिहावं लागतं. आणि रविवारी रेघा मारण्यातच तास-दीड तास जातो.

गेल्या आठवड्यातली कामं मोजली: एकूण २८. त्यांपैकी ठरलेल्या वेळेची ५ (बैठका आणि दोन संध्याकाळचा क्लास), ठरलेल्या तारखेची ६, उरलेली १७ ‘या आठवड्यात कधीही’ अशी. बैठकांची आठवण फोनच करून देतो, त्यामुळे वहीनं गजराचं काम करावं अशी अपेक्षा नाही. नोंदी मराठीतच असतात. सजावट, चित्रं, वॉशी टेप काही नको.

उभी मांडणी घ्यावी, आडवीच सुधारावी, की तिसरंच काही?

ठिपका_आणि_बाण

तुम्ही कामं मोजून प्रश्न विचारलात, त्यामुळे निम्मं काम झालेलं आहे. बहुतेक जण आधी मांडणी निवडतात आणि मग आपली कामं तिच्यात कोंबतात.

मूळ पद्धतीत आठवड्याचं पान नव्हतंच, हे लक्षात घ्या. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये संकेतस्थळावर ही पद्धत मांडली. तिचे मुख्य भाग म्हणजे इंडेक्स (अनुक्रमणिका), फ्यूचर लॉग (पुढच्या महिन्यांची कामं), मंथली लॉग (महिन्याची) आणि डेली लॉग (रोजची). आठवड्याचं स्प्रेड वापरणाऱ्यांनी नंतर रुजवलं. म्हणून त्याचा एकच एक ‘बरोबर’ नमुना नाही. तुमच्या यादीत कशाचं वजन जास्त आहे, त्यावर तो ठरतो.

ठरलेल्या तारखेची कामं निम्म्याहून जास्त असतील तर आडव्या चौकटी. ठरलेल्या तासांची जास्त असतील तर उभे रकाने. तुमच्यासारखी ‘आठवड्यात कधीही’ प्रकारची जास्त असतील तर दोन्ही मांडण्या तुमच्या विरोधात जातात, कारण त्या प्रत्येक कामाला आधीच वार द्यायला लावतात. वार माहीत नसला की माणूस सोमवार लिहितो. तुमचा सोमवार वाहतो तो याचमुळे. चौकट मोठी केली तरी ती वाहणारच.

तुम्हाला हवी आहे चालती यादी. काम एकदाच लिहायचं आणि वार बाजूच्या रकान्यात फक्त ठिपक्यानं दाखवायचा.

उजवं पान असं मांडा. डावीकडचे ७ चौकोन म्हणजे सात वार. एक चौकोन मोकळा. उरलेले २० चौकोन, म्हणजे १०० मिमी, कामाच्या नावाला. वरच्या तीन ओळी शीर्षक, वारांची अक्षरं आणि एक मोकळी ओळ यांत गेल्या तरी खाली ३७ ओळी उरतात. तुमच्या २८ कामांना पुरून मध्येच उपटणाऱ्या कामांसाठी ९ ओळी शिल्लक.

सो मं बु गु शु श र
✕ ‑ ‑ ‑ ‑ ‑ ‑ वीजबिल भरणे
→ ‑ → ✕ ‑ ‑ ‑ पासबुक भरून आणणे
‑ ‑ ‑ • ‑ ‑ ‑ क्लासच्या प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स
‑ ‑ ‑ ‑ ‑ ‑ ‑ मिक्सरचं भांडं दुरुस्तीला

ठिपका म्हणजे ‘या दिवशी करणार’. झालं की त्याच ठिपक्यावर फुली. नाही झालं की त्याचाच बाण करायचा आणि दुसऱ्या वाराखाली नवा ठिपका. कामाचं नाव पुन्हा लिहायचं नाही. वरच्या नमुन्यात दुसरं काम सोमवारी आणि बुधवारी सरकलं आणि गुरुवारी झालं, हे एका नजरेत कळतं. ज्या ओळीत अजून एकही ठिपका नाही, ते काम अजून कुठल्याच दिवसाला दिलेलं नाही.

इथे एक चूक हमखास होते. रविवारी बसून सगळ्या २८ कामांना ठिपके देऊ नका. दिलेत तर तीच जुनी आडवी मांडणी वेगळ्या रूपात परत येईल. रविवारी फक्त ठरलेल्या तारखेच्या ६ कामांना आणि सोमवारच्या चार-पाच कामांना ठिपके द्या. बाकीचे रोज संध्याकाळी, फक्त दुसऱ्या दिवसापुरते. याला तीन मिनिटांहून जास्त लागत नाही आणि मांडणीचा सगळा फायदा या तीन मिनिटांवरच उभा आहे.

डावं पान ठरलेल्या वेळांसाठी: दोन ओळी शीर्षक, मग प्रत्येक वाराला ३ ओळी, म्हणजे एकूण २३. खालच्या १७ ओळी टिपणांना. वारांच्या पट्टीत काम लिहायचं नाही. फक्त वेळ आणि ठिकाण.

उभी_ओळ

चालती यादी या प्रश्नाला योग्य आहे. तरी उभ्या मांडणीबद्दल थोडं लिहितो, कारण हा धागा उघडणाऱ्या इतरांची कामं तासांनी बांधलेली असू शकतात. दवाखाना, शिकवण्या, पाळ्यांची नोकरी अशा आठवड्यात चालती यादी फारशी उपयोगी पडत नाही. दोन गोष्टी एकाच वेळेवर आल्या आहेत हे तिच्यात दिसतच नाही.

उभ्या मांडणीतला सापळा मधल्या शिवणीचा. दोन पानं मिळून ५६ चौकोन, भागिले ७, म्हणजे वाराला ८ चौकोन असा हिशोब कागदावर छान दिसतो. पण एका पानावर २८ चौकोन आहेत. तीन वार २४ चौकोनांत बसतात आणि चौथा वार शिवणीवर चढतो: ४ चौकोन डावीकडे, ४ उजवीकडे. तिथे लिहिता येत नाही. मग उरतात दोन पर्याय. पहिला, डावीकडे चार वार ७-७ चौकोनांचे आणि उजवीकडे तीन वार, शिवाय ७ चौकोन यादीला. यात वाराची रुंदी ३५ मिमी. दुसरा, डावीकडे सोम-मंगळ-बुध ९-९ चौकोनांचे, उजवीकडे गुरु, शुक्र आणि एका रकान्यात वर शनिवार, खाली रविवार. रुंदी ४५ मिमी. शनिवार-रविवार मोकळे असतील तर दुसराच घ्या.

मराठी हस्ताक्षरात एका अक्षराला साधारण ४ मिमी जागा जाते. ३५ मिमीत आठ-नऊ अक्षरं बसतात. ‘वीजबिल भरणे’ मावतं, ‘गॅस सिलिंडर नोंदवणे’ दुसऱ्या ओळीत जातं आणि तासांची पट्टी एका ओळीनं घसरते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे नमुने बघून रकाने आखले की हीच गफलत होते. क्रियापद गाळा. ‘गॅस’ एवढंच लिहिलं तरी पुरतं.

उभ्या मापाचंही तेच. रोमन अक्षर ओळीवर बसतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. ५ मिमीच्या ओळीत शिरोरेषा थेट वरच्या ठिपक्यांवर ओढली तर वेलांट्या आधीच्या ओळीच्या उकारांत घुसतात. शिरोरेषा वरच्या ठिपक्यांपासून दीड मिमी खाली घ्या, अक्षराचं अंग अडीच मिमीत ठेवा, खाली एक मिमी उकाराला राहतो. त्यासाठी पेन ०.५ किंवा त्याहून बारीक हवं. ०.७ च्या पेनानं ‘कृ’ आणि ‘टू’ भरून जातात. भरभर लिहिताना शिरोरेषा गाळणारे आहेत, त्यांना हा त्रास कमी होतो.

आठवड्याची सुरुवात कुठल्या वारानं, हेही आत्ताच ठरवा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आठवडा रविवारपासून असतो आणि वहीत आपण सोमवारपासून मांडतो. एकादशी, चतुर्थी, सुट्ट्या उतरवताना नजर सवयीनं एक घर सरकते आणि तारीख चुकते. उतरवताना वार पाहू नका, तारखेचा आकडा पाहा.

रविवारची_वही

फार उपयोगी. शिवणीचा हिशोब लक्षातच आला नव्हता.

आता तीन प्रश्न. दर आठवड्याला परत येणारी कामं (क्लासची तयारी, पाण्याच्या टाकीची तपासणी, हिशोब) दर रविवारी पुन्हा लिहायची का? एखादं काम आठवडाभर बाणच खात राहिलं तर त्याचं काय करायचं? आणि दोन पानी स्प्रेड घेतलं तर १६० पानं वर्षभर पुरतील का?

ठिपका_आणि_बाण

पानांचा हिशोब आधी. ५२ आठवडे गुणिले २ म्हणजे १०४ पानं. मंथली लॉग बारा महिन्यांचा, दोन-दोन पानी, २४. इंडेक्स ४, फ्यूचर लॉग ४. बेरीज १३६. उरली २४ पानं, जी किराणा, प्रवासाची यादी, वाचायची पुस्तकं अशा संग्रहांना पुरतात. पण वेगळा डेली लॉग ठेवू लागलात आणि त्याला आठवड्याला आणखी तीन पानं गेली, तर तीच वही साडेसहा महिन्यांच्या आत संपते. म्हणून डेली लॉग ठेवू नका. डाव्या पानाखालच्या १७ ओळी त्याच्याचसाठी आहेत.

सगळे ५२ आठवडे आधीच आखून ठेवण्याचा मोह टाळा. एका वेळी एकच आठवडा. तीन आठवड्यांनी एखादा रकाना नकोसा वाटला तर बदल करायला जागा राहते.

परत येणारी कामं. रोजची आणि आठवड्याची, दोन्ही वेगळी ठेवा. रोजची (औषध, चालणं) चालत्या यादीत घालूच नका, सात ठिपके आणि सात फुल्यांनी ती ओळ बाकी सगळ्यांवर ओरडते. त्यांना मंथली लॉगजवळ हॅबिट ट्रॅकर, म्हणजे सवयींचा तक्ता. तो आखताना तारखा आडव्या लिहिल्या तर ३१ रकाने लागतात आणि पानावर २८ चौकोनच आहेत, तेही सवयींची नावं लिहायच्या आधी. तारखा उभ्या घ्या, ४० पैकी ३१ ओळी, आणि सवयी आडव्या.

आठवड्याची कामं एका जाड पट्टीवर लिहा. जुन्या लग्नपत्रिकेतून २५ मिमी रुंद आणि २०० मिमी लांब पट्टी कापली की वहीच्या आत राहते, कोपरे दुमडत नाहीत. ओळींच्या जागी ५-५ मिमीवर पेन्सिलीची खूण करा. पट्टी चालू आठवड्याच्या पानात खुणेसाठीच राहते. रविवारी तिच्यावर नजर टाकायची आणि या आठवड्यात जे लागू आहे तेच यादीत उतरवायचं. सगळं डोळे झाकून उतरवायचं नाही.

पान कापून करण्याची रीतही आहे, तिला डच डोअर म्हणतात. चार आठवड्यांसाठी पहिल्या तीन कागदांची बाहेरची कड ५ चौकोन कापायची आणि चौथ्या कागदाच्या पुढच्या बाजूला, उघड्या राहिलेल्या कडेवर, परत येणारी कामं लिहायची. चारही आठवडे ती उजवीकडे दिसत राहतात. दिसायला सुबक, पण तुमच्या मांडणीत कामाच्या नावाचे २० चौकोन १५ होतात. शिवाय एकदा कापलं की परत जोडता येत नाही. पट्टीच घ्या.

बाण खाणारं काम. एका ओळीत तिसरा बाण पडला की थांबायचं. चौथा ठिपका द्यायचा नाही. तिथल्या तिथे तीनपैकी एक करायचं: कामाचे तुकडे, किंवा नक्की तारीख, किंवा काट. बहुतेक वेळा काम मोठं असतं, आळस नसतो. ‘कपाट आवरणे’ हे काम नाही, पाच कामांची मोळी आहे. ‘वरच्या कप्प्यातल्या जुन्या फायली वेगळ्या काढणे’ हे काम आहे. आधीची ओळ काटून खाली हा तुकडा लिहा.

रविवारी जे उरेल ते नव्या पानावर हातानंच लिहायचं, आणि जुन्या ओळीपुढे ‘>’ ही खूण. पुढच्या महिन्यावर ढकललं तर ‘<’ करून फ्यूचर लॉगमध्ये. हे हातानं लिहिणं टाळू नका. चालत्या यादीमुळे आठवड्याच्या आतलं पुनर्लेखन वाचतं, आठवड्यांमधलं मात्र मुद्दाम ठेवायचं असतं. पुन्हा लिहायचा कंटाळा येईल असं काम बहुधा करायचं नसतंच, आणि ते तिथेच कळतं.

कागद_शाई

मांडणीचं वर सगळं आलंच आहे. कागदाकडे लक्ष दिलं नाही तर चांगली मांडणीही वाचेनाशी होते, म्हणून हे.

चालत्या यादीत एकाच चौकोनात ठिपका, मग त्यावर फुली किंवा बाण, असं दोनदा लिहिलं जातं. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) कागदावर दोनदा गिरवलेला ठिपका मागच्या बाजूला दिसतो, आणि मागच्या बाजूला पुढच्या आठवड्याचं डावं पान आहे. ठिपका टेकवून ठेवू नका, टोक लावून उचला. लिक्विड इंकची आणि शाईची पेनं अशा कागदावर पसरतात, बॉलपेन किंवा ०.५ जेल ठीक. १०० जीएसएम असेल तर जेल पेन निर्धास्त वापरा. अल्कोहोल मार्कर दोन्ही कागदांतून आरपार जातात, ते या वहीपासून लांब ठेवा. १६० जीएसएम कागद मात्र रोजच्या वहीला नको. जाडीमुळे ती सपाट उघडत नाही, आणि शिवणीजवळचे दोन चौकोन वाया जातात. चालत्या यादीचे वारांचे रकाने उजव्या पानावर नेमके शिवणीजवळच येतात, त्यामुळे इथे हे आणखी टोचतं.

नवीन पेन शेवटच्या पानावर तपासा. पाच ठिपके, पाच फुल्या, एक ओळ, एक हायलायटरचा पट्टा. दहा मिनिटांनी पान उलटून पाहा. हायलायटर वापरायचाच असेल तर आधी पट्टा, तो वाळला की वर लेखन. जेलची शाई कागदाच्या वर बसते, तिच्यावरून ओला पट्टा फिरवला की ती ओढली जाते आणि हायलायटरचं टोकही काळं होतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईकडे, कागद हवेतली ओल धरतो. एरवी बरी वागणारी शाई जुलैत पसरते आणि वाळायलाही वेळ घेते. वही खिडकीपाशी किंवा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. बंद खणात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांसह ठेवा. डावखुऱ्यांनी त्या दिवसांत बॉलपेनच वापरावं, कारण हात ताज्या ओळीवरूनच पुढे जातो.

रेघांबद्दल: रविवारचा दीड तास रेघांवर जातो असं लिहिलंय. चालत्या यादीला रेघा लागतातच असं नाही, ठिपके आहेत. फक्त सातव्या आणि आठव्या चौकोनाच्या मधली एक उभी रेघ मारा, आणि डाव्या पानावर वारांच्या मध्ये सहा आडव्या. वारांची अक्षरं दर आठवड्याला मोजून लिहू नका. त्या लग्नपत्रिकेच्या पट्टीच्या दुसऱ्या लांब कडेवर ५-५ मिमीवर सात खुणा करा, ती पानावर आडवी टेकवली की जागा मिळते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

रविवारची_वही

ठरलं मग: उजवीकडे चालती यादी, डावीकडे तीन-तीन ओळींचे वार, पत्रिकेची पट्टी, डेली लॉग नाही. कागद ८० जीएसएमचा आहे, म्हणून बॉलपेन.

एक शेवटची शंका. वारांचे रकाने शिवणीजवळ येतात असं वर लिहिलंय. ते उजव्या पानाच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे कामाच्या नावानंतर घेतले तर चालेल का? आणि इंडेक्समध्ये दर आठवडा वेगळा नोंदवायचा का?

ठिपका_आणि_बाण

बाहेरच्या कडेला घेऊ नका. ‘वीजबिल’ लिहून झाल्यावर शुक्रवारच्या रकान्यापर्यंत मध्ये मोठी मोकळी जागा राहते, नजर ओळ चुकते आणि ठिपका शेजारच्या कामाला पडतो. शिवण अडत असेल तर पानांची अदलाबदल करा: यादी डाव्या पानावर, वारांची पट्टी उजव्या. डाव्या पानाची डावी कड म्हणजे बाहेरची कड, तिथे रकाने सपाट मिळतात आणि नावाला चिकटूनही राहतात. डावखुरे नसाल तर हेच करा.

इंडेक्समध्ये आठवडे वेगळे नोंदवू नका, ५२ ओळी जातील. महिन्याला एक ओळ: ‘जून, पानं ६०–६९’. आतले आठवडे पट्टी लावून सापडतात. संग्रहांच्या पानांना मात्र प्रत्येकी स्वतंत्र ओळ द्या, कारण ती वहीत कुठेही मध्येच येतात.

उभी_ओळ

वरच्यात एक भर. यादी डावीकडे नेलीत तर ८० जीएसएमवर तिच्या मागे आधीच्या आठवड्याची वेळांची पट्टी येते. तिथल्या नोंदी मोजक्या असतात, त्यामुळे आरपार दिसलं तरी यादी वाचायला अडत नाही. फक्त आधीच्या आठवड्यात त्या पट्टीवर हायलायटर फिरवू नका.